मुंबईचे बिऱ्हाड

तुमच्या गावात असा एखादा तरी म्हातारा असेल, ज्याने आपल्या उमेदीची वीस-पंचवीस वर्षे मुंबईच्या गिरणीत काढली. त्याला सहज विचारून पाहा, "आबा, मुंबईत तुमचं घर कुठं होतं?" आबा बहुधा हसतील आणि म्हणतील, "घर कसलं बाबा, खोली होती, लालबागला." हा शब्दांतला फरक लहान नाही. गावी असते ते घर. मुंबईत असते ती खोली, जागा, नाही तर बिऱ्हाड. माणूस मुंबईत तीस वर्षे राहिला तरी 'घरी जातो' म्हणताना त्याच्या मनात गावच असे. असे का झाले, आणि ती एवढीशी खोली मिळवणे नोकरी मिळवण्याहून अवघड का होऊन बसले, याची हकिकत आज सांगायची आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात ती सापडत नाही. पण महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांचा खरा इतिहास तोच आहे.

प्रथम मुंबईची जमीन ध्यानात घ्या. जुनी मुंबई म्हणजे एक चिंचोळे बेट, क्षेत्रफळ सुमारे बावीस चौरस मैल. तीन बाजूंना समुद्र. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी उभी करण्यास आरंभ केला. पुढे भोर घाट फोडून लोहमार्ग वर देशावर गेला, आणि कोकणातून आगबोटी भरभरून माणसे येऊ लागली. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती साडेसहा लाखांच्या आत होती. १९२१ साली ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली, आणि त्यांतल्या दर पाच माणसांत सुमारे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. माणसे जवळजवळ दुप्पट झाली, बेट मात्र तेवढेच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, बेट लहान होते तर लोकांनी जरा लांब राहावे. पण गिरणीचा भोंगा पहाटे वाजे, आणि उशीर झाला तर दिवसाची मजुरी बुडे. ट्रॅमचे वा गाडीचे भाडे रोज खिशातून काढणे परवडणारे नव्हते. म्हणून पायी चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच राहायला हवे. परळ, लालबाग, डिलाईल रोड, भायखळा, चिंचपोकळी या भागांतच लाखो माणसांना जागा हवी होती. मागणी एकाच ठिकाणी दाटली की भाव कोण ठरवतो, हे बाजारहाट करणाऱ्याला सांगायला नको.

विलायतेत लँकेशायरच्या गिरणगावांतही हीच अडचण होती. तिथे घरमालकांनी मजुरांसाठी भिंतीला भिंत लावून लहान लहान घरांच्या लांबच लांब ओळी बांधल्या आणि त्या भाड्याने दिल्या. मुंबईत अशा ओळी पसरायला जमीन कुठली? म्हणून एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा त्या एकमेकींवर चढल्या. एक लांब सज्जा, त्याच्या कडेने दहा-वीस खोल्या, टोकाला सामाईक नळ आणि शौचकूप. हीच आपली चाळ. खोली म्हणजे दहा बाय बारा फूट. तिच्यातच चूल, मोरी, ट्रंक, पाळणा आणि खुंटीवर टांगलेली वळकटी.

आणि या खोलीत एकच कुटुंब राही असे समजू नका. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे सव्वापाचशे. म्हणजे बायकामुले गावी आणि घरधनी मुंबईस, हीच सर्वसाधारण रीत. एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून एक खोली घेत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. एकाने उठावे आणि त्याच जागी दुसऱ्याने अंग टाकावे. जेवण खाणावळीत, आणि खाणावळ चालवणारी बहुधा गावाकडचीच एखादी बाई. गोमंतकातून बोटींवर खलाशी किंवा स्वयंपाकी म्हणून जाणाऱ्यांनीही धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावच्या नावाने अशाच जागा घेतल्या होत्या. त्यांना 'कूड' म्हणत. बोट सुटेपर्यंत राहायचे, आजारी पडले तर गाववाल्यांनी पाहायचे. परक्या शहरात गावाने आपले छप्पर असे बरोबर नेले होते.

पण खोली मिळे कशी? वर्तमानपत्रात जाहिरात पाहून नव्हे. ती मिळे ओळखीने. गिरणीतला मुकादम, ज्याला जॉबर म्हणत, तो कामावर लावी. पुष्कळदा खोली मिळवून देई तोही तोच. शिवाय कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारीचे खाते उघडून देई. म्हणजे पाहा, नोकरी, निवारा आणि उधारी या तिन्ही दोऱ्या एकाच हातात. मुकादमाची मर्जी गेली की तिन्ही एकदम सुटत. घरभाड्याचा इतिहास हा नुसत्या पैशांचा नसतो. माणसाची मान कोणाच्या हातात आहे, याचाही तो इतिहास असतो.

अशी दाटी झाल्यावर व्हायचे ते झाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिसन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ ओळखली. पाहता पाहता ती शहरभर पसरली. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले, आणि पुष्कळांनी आजार आपल्याबरोबर गावी नेला. साथीची कीड अंधाऱ्या, कोंदट घरांत आहे अशी सरकारची समजूत झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. जिथे माणसांची दाटी, तिथे उंदीर आणि पिसवाही.

१८९८ साली कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नेमण्यात आला. जुन्या दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे आणि हलवलेल्या लोकांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. रस्ते झाले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यांतलेच. पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही झाल्या. आगरीपाड्यास, परळास ट्रस्टच्या चाळी उठल्या. पण पाडणे दिवसांचे काम आणि बांधणे वर्षांचे. एक वस्ती पाडली की तिथली माणसे शेजारच्या वस्तीत घुसत. तिथे दाटी वाढे आणि भाडेही चढे. हेतू चांगला असूनही गरिबाची खोली आणखी महाग झाली. शिक्षकमित्रांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. घाण दिसली म्हणून घरटे मोडले, तर पाखरू कुठे जाईल हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

त्यानंतर पहिले महायुद्ध आले. बांधकामाचे सामान महागले, नवी घरे थांबली, आणि गिरण्या मात्र जोरात. घरमालकांनी भाडी वाढवली. हे एकट्या मुंबईत घडत नव्हते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरी १९१५ साली मालकांनी अशीच भाडेवाढ केली. पुरुष लढाईवर किंवा कारखान्यात. तेव्हा मेरी बार्बर नावाच्या बाईच्या पुढाकाराने चाळीचाळींतल्या बायका एक झाल्या. त्यांनी वाढीव भाडे भरायचे नाकारले, आणि जप्तीवाले आले की सगळ्या जणी दार अडवून उभ्या राहिल्या. अखेर विलायत सरकारने त्याच वर्षी कायदा करून लहान घरांची भाडी १९१४ च्या ऑगस्टातील पातळीवर बांधून टाकली. तीच कल्पना तीन वर्षांनी समुद्र ओलांडून आली. १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. ग्लासगोच्या त्या बायकांना मुंबईची चाळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी अडवलेल्या दाराचा आडोसा, असा आडवळणाने, गिरणगावातल्या बिऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचला.

भाडे बांधले तरी खोल्या काही वाढत नाहीत. म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत आखला गेला. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे तळमजला अधिक तीन मजले अशा सिमेंटच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर चाळीत ऐंशी खोल्या, दर खोली १६० चौरस फूट. याच त्या बी. डी. डी. चाळी. बेत पन्नास हजारांचा, झाल्या सोळा हजारांच्या आसपास.

आता गंमत पाहा. जागेसाठी जीव टाकणाऱ्या त्या शहरात या नव्या चाळींतल्या, विशेषतः वरळीच्या, पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या! कारण काय? वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला. बाजार जवळ नाही, पाण्याची ओढ, खिडक्यांच्या ऐवजी सिमेंटच्या झडपा, आणि भाडे गरिबाच्या ऐपतीबाहेरचे. सरकारने तोटा सोसून भाडी उतरवली, तरी लोक लगेच आले नाहीत. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर वरळीच्या काही चाळींचा सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. कोंडून ठेवायला ज्या खोल्या चालल्या, त्याच राहायला देताना माणसे मिळत नव्हती. चार भिंती आणि वर स्लॅब एवढ्याने बिऱ्हाड होत नाही. त्याला पाणी लागते, बाजार लागतो, कामाचे ठिकाण लागते आणि शेजार लागतो.

शेजाराचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती ऐकायला कडू आहे. हातात भाडे असले म्हणजे खोली मिळे, असे नव्हते. नाव काय, गाव कोणते, जात कोणती, हे प्रश्न भाड्याच्या आधी येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली अमेरिका व इंग्लंडमधून उच्च शिक्षण घेऊन परतले आणि बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ओळखीच्या मित्रांकडेही सोय झाली नाही. दिवस सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईस परतावे लागले. मुंबईत त्यांचा आधार होता तो परळच्या ट्रस्टच्या चाळीचा. तिथल्या दोन लहान खोल्यांत ते १९३४ च्या सुमारास दादरच्या 'राजगृहा'त जाईपर्यंत राहिले. एवढ्या विद्वानाची ही कथा, तर खेड्यातून आलेल्या साध्या मजुराचे काय होत असेल, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

मध्यमवर्गातल्या काहींनी दुसरी वाट शोधली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. भाडेकरूंनीच एकत्र येऊन भांडवल जमवायचे आणि आपणच आपले मालक व्हायचे, ही कल्पना नवी होती आणि पुढे ती फार फळली. मात्र तिला थोडे भांडवल लागे, आणि आरंभी ती आपापल्या समाजापुरती राहिली. गिरणीतल्या बदली कामगाराला तिचा उपयोग नव्हता.

मग दुसरे महायुद्ध, आणि त्यापाठोपाठ स्वातंत्र्य व फाळणी. सिंधमधून निर्वासितांचे लोंढे आले. कल्याणजवळची लष्करी छावणी त्यांनी भरली, तिचेच पुढे उल्हासनगर झाले. जागेची टंचाई कळसाला पोहोचली. अशा वेळी १९४७ साली मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते साधारणपणे प्रमाण मानले, आणि भाडे वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला मालकाने मनास येईल तेव्हा बाहेर काढता येणार नाही, असे ठरवले. ज्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती, त्या लाखो कुटुंबांना प्रथमच शांत झोप लागली. भाड्याची पावती ही तिजोरीत ठेवण्याची वस्तू झाली. या कायद्याने गरिबांचे भले केले, हे आधी स्वच्छ मान्य केले पाहिजे.

पण औषधाचेही दुष्परिणाम असतात. समजा, एका खोलीचे भाडे १९४० साली दहा रुपये होते. वीस वर्षांनी बाजारभाव तिप्पट-चौपट झाला, तरी भाडे जवळपास तेवढेच. मालक म्हणू लागला, दहा रुपयांत मी कौले कशी बदलू, जिना कसा दुरुस्त करू? दुरुस्ती थांबली. भाड्यासाठी नवी चाळ बांधणारा उरला नाही. आणि जुनी खोली सोडणारा तो फुकट कशाला सोडील? नव्या माणसाकडून तो एकरकमी पैसे घेऊ लागला. त्यातला ठरलेला हिस्सा मालकाला जाई आणि मालक पावती नव्या नावाने फाडी. हीच पागडी. कायद्याने ती घेणे गुन्हा होता, पण व्यवहार सर्रास चाले. म्हणजे कायद्याने आत असलेल्याचे रक्षण केले, आणि बाहेर उभा असलेल्या, तुमच्या गावाहून काल आलेल्या पोरासाठी दार अधिक घट्ट लागले. तो मग पोटभाडेकरू झाला, नाही तर झोपडपट्टीत गेला.

दुरुस्तीअभावी जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि त्यासाठी उपकर बसवला. साडेएकोणीस हजारांवर इमारती या उपकराखाली आल्या. दरम्यान मालकीच्या सदनिकांचा काळ सुरू झाला होता. ज्याच्याजवळ पैसा त्याने विकत घ्यावे. भाड्याऐवजी 'लीव्ह अँड लायसेन्स' हा नवा करार आला. पण १९७३ साली त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जागेत असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, तेव्हा मालक असे धास्तावले की जागा कुलूप लावून ठेवू, पण देणार नाही, असे पुष्कळांनी ठरवले. अखेर सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या गोठलेल्या भाड्यांवर नापसंती दाखवली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूचे संरक्षण ठेवले, मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि पागडीच्या व्यवहाराला कायद्यात जागा करून दिली.

तोवर गिरणगावच उरले नव्हते. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. भोंगे थांबले आणि त्या जमिनींवर मनोरे उठले. १६० चौरस फुटांच्या वरळीच्या बी. डी. डी. चाळी पाडून तिथे उंच इमारती बांधण्याचे काम निघाले, आणि २०२५ च्या ऑगस्टात पहिल्या काही कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्या लागल्या, पण 'खोली'चे 'घर' झाले. ज्यांची पावती वाचली होती, त्यांचे झाले. ज्यांच्या आजोबांनी मध्येच खोली सोडून गाव गाठले, त्यांच्या हाती आठवणी राहिल्या.

श्रोतेहो, ही जुनी गोष्ट आजही संपलेली नाही. तुमची मुलेमुली आता गिरणीसाठी नव्हे, शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात. मुकादमाच्या जागी दलाल आला, पागडीच्या जागी डिपॉझिट आले. जातीचा, धर्माचा, 'एकटी मुलगी आहे का' असा प्रश्न मात्र अजूनही दारात विचारला जातो. म्हणून इतिहासातून चार व्यवहाराच्या गोष्टी घ्या. भाडे दिले की पावती घ्या, ती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच करा. तो नोंदवण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि तसा करार नसला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तोंडी शब्दावर डिपॉझिटची रक्कम सोडू नका. आणि जागा पाहायला जाताना नुसते भाडे विचारू नका. पाणी किती वाजता येते आणि कामाचे ठिकाण किती लांब, हे आधी विचारा. वरळीच्या रिकाम्या चाळींनी शिकवलेला धडा तोच आहे.

शिक्षकमित्रांना एक विनंती. वर्गातल्या मुलांना सांगा की, घरी आजी-आजोबांना विचारून या, आपल्यापैकी कोण मुंबईस गेले होते, कुठल्या चाळीत राहिले, खोलीत किती जण होते, भाडे काय होते, आणि खोली कोणाच्या ओळखीने मिळाली. कोणाच्या ट्रंकेत एखादी पिवळी पडलेली पावती निघेल. ती फळ्याजवळ लावा. सनावळ्या पाठ करून जो इतिहास मुलांना परका वाटतो, तो त्या कागदाच्या तुकड्यावर त्यांना आपल्या आडनावासकट भेटेल. आणि आबांना विचाराल तेव्हा जरा वेळ बसून ऐका. त्या दहा बाय बारात किती माणसे मावली होती, हे सांगायला त्यांना थोडा वेळ लागेल.